तेरापैकी तेरा जिंकले, तरी पाचवे: फ्लोरिडा स्टेटचा २०२३चा हंगाम

३ डिसेंबर २०२३, रविवार. टेक्ससमधल्या ग्रेपव्हाइन या गावातल्या एका हॉटेलात बसलेल्या तेरा जणांच्या निवड समितीनं चार नावं जाहीर केली: मिशिगन, वॉशिंग्टन, टेक्सस, अलाबामा. अमेरिकन कॉलेज फुटबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद आता या चौघांतच ठरणार होतं. पाचव्या क्रमांकावर फ्लोरिडा स्टेट होतं. त्यांनी तोवर तेरा सामने खेळले होते आणि तेराही जिंकले होते. टेक्सस आणि अलाबामा यांनी मात्र एकेक सामना गमावला होता.

चार संघांच्या प्लेऑफची पद्धत २०१४ साली सुरू झाली. पाच बड्या कॉन्फरन्सपैकी (कॉन्फरन्स म्हणजे विद्यापीठांच्या संघांचा गट) एखादीचा विजेता एकही सामना न हरता डिसेंबरपर्यंत आला आणि तरी बाहेर राहिला, असं त्यानंतर कधीच झालं नव्हतं. कारणही लपवलं गेलं नाही. पंधरा दिवसांपूर्वी फ्लोरिडा स्टेटचा क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईचा सूत्रधार, जॉर्डन ट्रॅव्हिस याचा पाय मोडला होता, आणि त्याच्याविना हा संघ आधीचा राहिलेला नाही, असं समितीचं म्हणणं पडलं.

हा निर्णय चुकला, असं माझं मत आहे. पण का चुकला याबद्दल जी कारणं सर्रास दिली जातात, त्यातली बरीचशी मला पटत नाहीत. म्हणून हे प्रकरण पहिल्यापासून पाहू.

गुणतक्ता नसलेला खेळ

आयपीएलमध्ये दहा संघ प्रत्येकी चौदा सामने खेळतात, गुण मोजले जातात, पहिले चार पुढे जातात. कोणाचा कोण जायबंदी झाला, याची तक्त्याला फिकीर नसते. अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये असा तक्ता शक्यच नाही. २०२३ साली सर्वोच्च स्तरावर १३३ विद्यापीठांचे संघ होते आणि प्रत्येकाच्या वाट्याला नियमित हंगामात जेमतेम बारा सामने. अंगावर अंग आदळणारा खेळ, त्यात पोरं कॉलेजची. आठवड्याला एकापेक्षा जास्त सामना खेळवता येत नाही. त्यामुळे बहुतेक संघ एकमेकांसमोर कधी येतच नाहीत.

हे संघ कॉन्फरन्स नावाच्या गटांत वाटलेले असतात. त्या काळी पाच कॉन्फरन्स मोठ्या मानल्या जात. दक्षिणेतली एसईसी सगळ्यांत दांडगी. अलाबामा आणि जॉर्जिया तिथले. फ्लोरिडा स्टेट एसीसीमधलं. मोठ्या कॉन्फरन्स पाच आणि प्लेऑफच्या जागा चार. म्हणजे दर वर्षी किमान एक विजेता बाहेर राहणार हे गणितातच होतं. नऊ वर्षं कोणी ना कोणी एखाद-दुसरा सामना हरून समितीची सुटका करत आला. दहाव्या वर्षी ती सोय राहिली नाही.

समिती बनते विद्यापीठांचे क्रीडासंचालक, माजी प्रशिक्षक, माजी खेळाडू अशा लोकांची. तिला नेमून दिलेलं काम ‘सर्वोत्तम चार संघ’ निवडण्याचं. कोणत्या कसोट्या लावायच्या तेही लिहून दिलेलं आहे: कॉन्फरन्सचं विजेतेपद, वेळापत्रक किती खडतर होतं, आमनेसामनेचा निकाल, समान प्रतिस्पर्ध्यांविरुद्धची कामगिरी. त्याच मसुद्यात एक कलम असंही आहे की महत्त्वाचे खेळाडू किंवा प्रशिक्षक उपलब्ध नसतील आणि त्याचा पुढच्या सामन्यांवर परिणाम होण्याची शक्यता असेल, तर तेही विचारात घ्यावं. म्हणजे समितीनं नियम ऐनवेळी हवेतून काढला, हा आरोप टिकत नाही. कलम आधीपासून होतं. ते इतक्या निर्णायक रीतीनं वापरायची वेळ आली नव्हती, एवढंच.

चिखलातून वर आलेला संघ

फ्लोरिडा स्टेट म्हणजे टॅलाहासी या फ्लोरिडा राज्याच्या राजधानीतलं विद्यापीठ. १९९३, १९९९ आणि २०१३ अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदं त्यांच्या नावावर. पण पुढे काही वर्षांनी घसरण लागली. २०१९च्या डिसेंबरात माइक नॉर्व्हेल प्रशिक्षक म्हणून मेम्फिसहून आला, तेव्हा संघाची रया गेलेली होती. पहिल्या वर्षी ३ विजय, ६ पराभव. दुसऱ्या वर्षी सुरुवातीचे चारही सामने हरले, त्यातला एक खालच्या स्तरावरच्या जॅक्सनव्हिल स्टेटकडून, शेवटच्या चेंडूवर. ‘नॉर्व्हेलला घालवा’ची ओरड तेव्हाच सुरू झाली होती. २०२२ साली मात्र गाडी रुळावर आली: १० विजय, ३ पराभव.

जॉर्डन ट्रॅव्हिसची गोष्टही अशीच. तो आधी लुइव्हिल विद्यापीठात होता, तिथून २०१९ला फ्लोरिडा स्टेटला आला. सुरुवातीला त्याच्याकडे पळणारा क्वार्टरबॅक म्हणूनच पाहिलं जाई. पासचा भरवसा नव्हता. वर्षागणिक तो सुधारत गेला आणि २०२३ साली एसीसीचा वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरला.

क्वार्टरबॅक म्हणजे नेमकं कोण, हे या खेळाशी ओळख नसलेल्यांसाठी दोन ओळींत. चढाई करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. प्रत्येक प्रयत्नाची सुरुवात क्वार्टरबॅकच्या हातात चेंडू येऊन होते. पास द्यायचा, दुसऱ्याच्या हाती सोपवायचा की स्वतः पळायचं, हे तो दोन-तीन सेकंदांत ठरवतो, तेही समोरून सव्वाशे-दीडशे किलोची माणसं अंगावर येत असताना. तो गेला की संघाचं अर्धं डोकं गेलं, असं मानतात. ते पुष्कळसं खरंही आहे.

हंगामाची सुरुवात दणक्यात झाली. ३ सप्टेंबरला ऑर्लँडोत पाचव्या मानांकित एलएसयूचा (लुइझियाना स्टेट) ४५-२४ असा धुव्वा उडवला. उत्तरार्धात समोरच्यांना श्वासही घेऊ दिला नाही. मिशिगन स्टेटहून आलेला उंचापुरा रिसीव्हर (पास झेलणारा) कीऑन कोलमन त्या रात्री देशभर माहीत झाला. पुढे सदर्न मिसिसिपीला ६६-१३. मग बॉस्टन कॉलेजविरुद्ध ३१-२९ अशी निसटती सुटका.

खरी परीक्षा २३ सप्टेंबरला क्लेमसनच्या मैदानावर. तिथे फ्लोरिडा स्टेट २०१३नंतर जिंकलेलं नव्हतं. क्लेमसन २४-१७ने पुढे, चेंडूही त्यांच्याकडे आणि आगेकूच चालू. आणखी एक टचडाउन (चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपार नेणं) झालं असतं तर सामना तिथेच संपला असता. तेवढ्यात बचावफळीतला लाइनबॅकर केलन डीलोच मधून सुसाट आत घुसला, क्लेमसनच्या क्वार्टरबॅकला त्यानं धडक दिली, चेंडू सुटला. आणि त्यानंच तो उचलून ५६ यार्ड पळत जाऊन टचडाउन केलं. २४-२४. शेवटची दोन मिनिटं उरलेली असताना क्लेमसनच्या किकरनं २९ यार्डांवरून सोपी किक बाहेर मारली. ओव्हरटाइममध्ये ट्रॅव्हिसचा पास, कोलमनचा झेल, ३१-२४. या सामन्यात दैव फ्लोरिडा स्टेटच्या बाजूनं होतं हे कबूल करायला हवं. पण बरोबरी साधून देणारे गुण बचावफळीनं मिळवले होते, हेही ध्यानात ठेवायला हवं. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

त्यानंतरचे सहा आठवडे फारसे बोलण्यासारखे नाहीत. व्हर्जिनिया टेक, सिराक्यूज, ड्यूक, वेक फॉरेस्ट, पिट्सबर्ग, सगळे आरामात हरले. मायामीनं जरा झुंजवलं, २७-२०.

पाय मोडला तो दिवस आणि पुढचे दोन शनिवार

१८ नोव्हेंबर. समोर नॉर्थ अलाबामा, खालच्या स्तरावरचा संघ. मोठ्या संघांच्या वेळापत्रकात असा एखादा सराव-छापाचा सामना असतोच. पण गंमत अशी की पहिल्या सत्रात फ्लोरिडा स्टेट ०-१३ मागे पडलं होतं. अशा वेळी ट्रॅव्हिस स्वतः चेंडू घेऊन पळाला, त्याला पाडताना डावा पाय अंगाखाली विचित्र वळला. मैदान चिडीचूप झालं, त्याला गाडीवर घालून नेलं. दुसरा क्वार्टरबॅक टेट रोडमेकर आला आणि संघानं एकामागोमाग ५८ गुण केले, ५८-१३. त्या रात्री त्या आकड्यांकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

२५ नोव्हेंबरला गेन्सव्हिलमध्ये कट्टर प्रतिस्पर्धी फ्लोरिडा विद्यापीठाविरुद्ध सामना. पुन्हा ०-१२ मागे, पुन्हा परतले. ट्रे बेन्सननं तीन टचडाउन केले आणि २४-१५ने जिंकले. पण चौथ्या सत्रात रोडमेकरच्या डोक्याला मार लागला. त्यामुळे २ डिसेंबरच्या एसीसी अंतिम सामन्यात तिसरा क्वार्टरबॅक खेळवावा लागला: ब्रॉक ग्लेन, पहिल्या वर्षाचा, कॉलेजातला पहिलाच सामना सुरुवातीपासून खेळणारा. समोर चौदाव्या मानांकित लुइव्हिल.

हा शार्लटमधला सामनाच या प्रकरणाचा गाभा, म्हणून त्यावर थोडं थांबू.

ग्लेननं २१ पास टाकले, ८ पोचले, एकूण ५५ यार्ड. या स्तरावर हे आकडे भीषण आहेत. मध्यंतराला गुणफलक ३-० होता. तटस्थ माणसाला हा सामना पाहवत नव्हता हे खरं. नॉर्व्हेलनं परिस्थिती ओळखून पासिंग जवळजवळ गुंडाळून ठेवलं. उत्तरार्धात चेंडू थेट रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा) लॉरेन्स टोआफिलीच्या हातात देऊन त्याला पळवलं. तो ७३ यार्ड पळाला आणि पाठोपाठ टचडाउनही त्यानंच केलं. दिवसभरात त्याचे ११८ यार्ड झाले.

दुसऱ्या बाजूला बचावफळी. ब्रेडन फिस्कनं लुइव्हिलच्या क्वार्टरबॅकला तीन वेळा आडवं केलं. जॅरेड व्हर्स सतत अंगावर. चौथ्या सत्रात लुइव्हिल एकदा गोलरेषेपर्यंत पोचलं, तर टेटम बेथ्यूननं एंड झोनमध्येच, म्हणजे गोलरेषेमागच्या पट्ट्यात, पास हिरावला. बारापैकी दहा सामने जिंकून आलेल्या लुइव्हिलला अख्ख्या सामन्यात फक्त १८८ यार्ड मिळाले. १६-६. २०१४नंतर पहिल्यांदाच एसीसीची विजेती ढाल टॅलाहासीला.

आता एकाच सामन्याचे दोन अर्थ लावता येतात. एक: या संघाची चढाई संपली, मिशिगनसमोर चिरडले जातील. दुसरा: तिसरा क्वार्टरबॅक घेऊनही मानांकित संघाला सहा गुणांवर रोखून जिंकणारा संघ कोणालाही जड जाईल. समितीनं पहिला अर्थ घेतला.

बंद दाराआड

२८ नोव्हेंबरच्या यादीत जॉर्जिया पहिलं, मिशिगन दुसरं, वॉशिंग्टन तिसरं, फ्लोरिडा स्टेट चौथं होतं. टेक्सस सातवं, अलाबामा आठवं. लक्षात घ्या, ट्रॅव्हिस जायबंदी होऊन तेव्हा दहा दिवस झाले होते आणि तरीही समितीनं फ्लोरिडा स्टेटला चौथ्या जागी ठेवलं होतं.

मग त्या शनिवारी अटलांटात अलाबामानं जॉर्जियाला २७-२४ने हरवलं. सलग २९ सामने जिंकत आलेल्या, दोन वर्षांच्या गतविजेत्याला. टेक्ससनं ओक्लाहोमा स्टेटचा ४९-२१ने फडशा पाडला. मिशिगन आणि वॉशिंग्टन अपराजित राहिले, त्यांची जागा पक्की. उरल्या दोन जागा आणि दावेदार तीन.

इथे एक गाठ होती. ९ सप्टेंबरला टेक्ससनं अलाबामाला त्यांच्याच टस्कलूसात ३४-२४ असं हरवलं होतं. दोघांचे पराभव सारखे, तर आमनेसामने जिंकलेला टेक्सस वर ठेवणं भागच. म्हणजे अलाबामाला आत घ्यायचं तर टेक्ससला आधी घ्यावं लागणार आणि फ्लोरिडा स्टेट बाहेर जाणार. फ्लोरिडा स्टेटला ठेवायचं तर एसईसीचा विजेता बाहेर. प्लेऑफ सुरू झाल्यापासून एसईसीविना एकही वर्ष गेलं नव्हतं. समितीचे अध्यक्ष बू कॉरिगन यांनी नंतर टीव्हीवर सांगितलं ते थोडक्यात असं की पहिल्या अकरा सामन्यांतलं फ्लोरिडा स्टेट आणि आताचं फ्लोरिडा स्टेट हे वेगळे संघ आहेत. कॉरिगन स्वतः नॉर्थ कॅरोलायना स्टेटचे क्रीडासंचालक, म्हणजे एसीसीचेच माणूस. त्यांनी आपल्याच कॉन्फरन्सच्या विजेत्याला बाहेर का ठेवलं हे सांगावं लागणं, हा योगायोग त्यांना नक्कीच सुखाचा नसणार.

टॅलाहासीत सगळा संघ एकत्र बसून ही घोषणा पाहत होता. चौथं नाव अलाबामाचं आलं आणि पोरांचे चेहरे कॅमेऱ्यानं टिपले. नॉर्व्हेलनं जळजळीत निवेदन काढलं: मैदानावर कमावलेलं मूठभर लोकांनी हिरावून घेतलं. एसीसीचे आयुक्त जिम फिलिप्स यांनाही हे आकलनापलीकडचं वाटलं. पण सगळ्यांत जिव्हारी लागलं ते ट्रॅव्हिसचं. त्यानं लिहिलं की माझा पाय हंगामात आधीच मोडला असता तर बरं झालं असतं, म्हणजे हा संघ एका क्वार्टरबॅकपुरता नाही हे तुम्हा सगळ्यांना दिसलं असतं.

भावनेच्या भरात लिहिलेलं हे वाक्य खरं तर या प्रकरणातला सर्वांत काटेकोर युक्तिवाद आहे. ट्रॅव्हिस ऑक्टोबरात जायबंदी झाला असता आणि संघ रोडमेकरला घेऊन पाच-सहा सामने जिंकला असता, तर समितीकडे पुरावा असता. तो डिसेंबरच्या तोंडावर जायबंदी झाला म्हणून पुरावा अपुरा राहिला, आणि अपुऱ्या पुराव्याचा फायदा अपराजित संघाला न देता एकदा हरलेल्याला दिला गेला.

दोन्ही पारडी

अलाबामाचं म्हणणं हलकं नव्हतं. जॉर्जियावरचा विजय हा त्या वर्षी कोणत्याही संघाच्या खात्यातला सर्वांत वजनदार विजय. शिवाय ओल मिस, टेनेसी, एलएसयू यांना हरवलेलं. त्यांचं वेळापत्रक एसीसीपेक्षा अवघड होतं, यात वाद नाही.

पण मग सगळंच मोजू. एलएसयू दोघांच्याही वाटेत आलं होतं: फ्लोरिडा स्टेटनं तटस्थ मैदानावर ४५-२४ने हरवलं, अलाबामानं घरच्या मैदानावर ४२-२८ने. सप्टेंबरात साउथ फ्लोरिडासारख्या संघाविरुद्ध अलाबामाला १७-३ असं रडतखडत जिंकावं लागलं होतं. आणि २५ नोव्हेंबरला ऑबर्नविरुद्ध त्यांचा हंगाम संपल्यात जमा होता. शेवटच्या मिनिटात, चौथ्या प्रयत्नात, ३१ यार्डांवरून जेलन मिल्रोनं एंड झोनच्या कोपऱ्यात टाकलेला पास आयझाया बाँडनं पकडला म्हणून २७-२४ने वाचले. तो चेंडू हातभर पुढे पडता तर हा सगळा लेखच लिहावा लागला नसता.

आता पूर्वीचं उदाहरण. २०१४ साली ओहायो स्टेटचाही पहिला आणि दुसरा क्वार्टरबॅक जायबंदी झाला होता. तिसरा कार्डेल जोन्स बिग टेन या कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात उतरला, विस्कॉन्सिनला ५९-० हरवलं, समितीनं चौथी जागा दिली आणि त्यांनी राष्ट्रीय विजेतेपदच जिंकलं. ओहायो स्टेट तर तेव्हा अपराजितही नव्हतं. फ्लोरिडा स्टेटचे समर्थक हे उदाहरण हमखास देतात; समितीचे समर्थक म्हणतात, ५९-० कुठे आणि १६-६ कुठे!

माझ्या मते इथेच समितीचं खरं माप उघडं पडतं. तिसरा क्वार्टरबॅक हा तिला अडथळा वाटलाच नाही; बेढब विजय वाटला. ग्लेननं चार टचडाउन पास टाकले असते आणि बचावफळीनं ३५ गुण दिले असते, म्हणजे ४५-३५ने जिंकले असते, तर फ्लोरिडा स्टेट बहुधा आत गेलं असतं. समोरच्याला १८८ यार्डांत गुंडाळणं डोळ्यांत भरत नाही. बचावानं जिंकलेला सामना ‘कसाबसा’ जिंकलेला वाटतो, ही पाहणाऱ्याची खोड. गंमत म्हणजे त्याच शनिवारी मिशिगननं आयोवाला २६-० हरवलं, तेही मुख्यतः बचावाच्या जोरावर, आणि त्यांना पहिलं मानांकन मिळालं.

राहिला भाकिताचा मुद्दा. हा संघ पुढे हरेल, असं समितीला वाटलं, वाटू शकतं. पण समितीच्या अंदाजांचा इतिहास पाहा. २०२२ साली टीसीयू (टेक्सस ख्रिश्चन विद्यापीठ) आपल्या कॉन्फरन्सचा अंतिम सामना हरून आलं होतं, तरी आत घेतलं. कमकुवत मानलेल्या त्या संघानं उपांत्य सामन्यात मिशिगनला ५१-४५ने हरवलं, आणि अंतिम सामन्यात जॉर्जियाकडून ७-६५ असा मार खाल्ला. नऊ दिवसांत दोन्ही टोकं. क्वार्टरबॅक धडधाकट असतानाही जिथे एवढा फरक पडतो, तिथे ‘हे हरतील’ या अंदाजाला तेरा विजयांपेक्षा जास्त वजन कसं द्यायचं?

टीव्हीच्या पैशाचा संशयही बोलला गेला. ईएसपीएनकडे एसईसीचे हक्क, म्हणून अलाबामा आत, अशी ती मांडणी. मला ती कच्ची वाटते, कारण एसीसीचे हक्कही ईएसपीएनकडेच होते, २०३६पर्यंतचे. कटाची कल्पना डोकं शांत करते, पण इथे तिची गरज नाही.

६३-३

फ्लोरिडा स्टेटला सांत्वन म्हणून ऑरेंज बोल मिळाला (बोल म्हणजे हंगामाअखेरचा मानाचा सामना). ३० डिसेंबर, मायामीजवळचं मैदान, समोर जॉर्जिया. निकाल ६३-३. बोल सामन्यांच्या इतिहासातला सर्वांत मोठा फरक.

‘पाहा, समिती बरोबर होती’ असं म्हणणारे याच आकड्याकडे बोट दाखवतात. पण त्या दिवशी मैदानावर होतं कोण? व्हर्स, फिस्क, कोलमन, बेन्सन, जॉनी विल्सन, जहीम बेल यांच्यासह दोन डझनांहून अधिक खेळाडू बाहेर होते; कोणी एनएफएल या व्यावसायिक लीगसाठी अंग राखलं, कोणी ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्यांच्या यादीत, नाव घातलं. रोडमेकरही निघून गेला होता. ज्या सामन्यात काही पणाला नाही तिथे गुडघा मोडून घ्यायला पोरं तयार नसतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. त्या वर्षीच्या संघातले दहा जण पुढच्या एप्रिलमध्ये एनएफएलनं निवडले. व्हर्स पहिल्या फेरीत. प्लेऑफ असता तर हेच खेळाडू उतरले असते, हे उघड आहे. ६३-३ हा समितीच्या निर्णयाचा परिणाम. त्याच निर्णयाचा पुरावा म्हणून तो वापरणं म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा. जिंकलेल्या जॉर्जियाच्या प्रशिक्षकानं, कर्बी स्मार्टनंही, सामना संपल्यावर या दुरवस्थेवर उपाय हवा असं बोलून दाखवलं.

दरम्यान प्रकरण मैदानाबाहेर गेलं. फ्लोरिडाचे राज्यपाल रॉन डिसँटिस यांनी कोर्टकचेरीसाठी अर्थसंकल्पात दहा लाख डॉलर ठेवण्याचा प्रस्ताव मांडला, राज्याच्या ॲटर्नी जनरलनी चौकशी लावली. निवडणुकीचा मोसम होता, दुसरं काय होणार! टिकलं ते वेगळंच. २२ डिसेंबरला विद्यापीठाच्या विश्वस्तांनी थेट एसीसीवर खटला भरायचं ठरवलं; एसीसीनं एक दिवस आधीच नॉर्थ कॅरोलायनात दावा ठोकलेला होता. बाहेर पडायचं तर एकूण ५७ कोटी डॉलरच्या घरात खर्च येतो, आणि अपराजित राहूनही कॉन्फरन्सचं नाव उपयोगी पडत नसेल तर इथे राहायचं कशाला, असा विद्यापीठाचा रोख. असंतोष जुना होता. ३ डिसेंबरनं त्याला निमित्त दिलं. मार्च २०२५मध्ये तडजोड झाली: प्रेक्षकसंख्येनुसार जास्त वाटा, आणि बाहेर पडण्याचा दंड वर्षागणिक कमी होणार.

प्लेऑफ जिंकला मिशिगननं. उपांत्य सामन्यात अलाबामाला ओव्हरटाइममध्ये २७-२०, अंतिम सामन्यात वॉशिंग्टनला ३४-१३. आणि २०२४पासून बारा संघांची पद्धत आली, ज्यात मानांकनातल्या वरच्या पाच कॉन्फरन्स-विजेत्यांना थेट प्रवेश होता. ती आधीच मंजूर झालेली होती. एक वर्ष लवकर आली असती तर फ्लोरिडा स्टेटच्या नावावर कोणी चर्चाही केली नसती. नॉर्व्हेलला जानेवारीत आठ वर्षांचा, वर्षाला एक कोटी डॉलरहून जास्त रकमेचा करार मिळाला, आणि पुढच्याच हंगामात संघ २ विजय, १० पराभव असा कोसळला. समितीवाले यातूनही ‘म्हटलं नव्हतं?’ काढतात. दहा खेळाडू एनएफएलला गेल्यावर उरलेल्या संघाचा २०२३शी काय संबंध, हे मला अजून कोणी समजावलेलं नाही. ट्रॅव्हिसला न्यूयॉर्क जेट्सनं पाचव्या फेरीत घेतलं. पण पाय बरा झाला नाही आणि एनएफएलचा एकही सामना न खेळता २०२५च्या एप्रिलमध्ये, चोविसाव्या वर्षी, त्यानं निवृत्ती जाहीर केली.

त्या खोलीत मी असतो तर माझी यादी अशी: मिशिगन, वॉशिंग्टन, टेक्सस, फ्लोरिडा स्टेट. अलाबामा पाचवं. टेक्ससला हात लावता येत नाही, कारण त्यांनी अलाबामाला त्यांच्या घरात हरवलं होतं. आणि टेक्ससकडून हरलेल्या संघानं, कोणाकडूनच न हरलेल्या संघाची जागा घ्यावी इतकं जॉर्जियावरच्या तीन गुणांच्या विजयाचं वजन मला वाटत नाही. मिशिगनकडून फ्लोरिडा स्टेट तीस गुणांनी हरलं असतं ही शक्यता मी धरून चाललो आहे. २०१४ साली हेच फ्लोरिडा स्टेट तेरा विजय घेऊन पहिल्या प्लेऑफमध्ये गेलं होतं आणि ओरेगॉनकडून २०-५९ असं हरलं होतं. त्यांना आत घ्यायला नको होतं, असा दावा मी तरी त्या वर्षी ऐकला नाही.